नायगराच्या पाण्याची वांटणी

१८४८ सालच्या मार्च महिन्याच्या अखेरीस एका रात्रीं नायगराच्या कांठचे लोक झोपेंतून दचकून जागे झाले. त्यांना जागें केलें तें कोणत्या आवाजानें नव्हे, तर आवाज थांबल्यामुळें. जन्मापासून अहोरात्र कानांवर आदळणारा धबधब्याचा घोष त्या रात्रीं बंद पडला होता. कंदील घेऊन लोक नदीकडे धांवले. पाहतात तों, जेथें पाण्याचे लोट खालीं कोसळावयाचे तेथें ओला, उघडा कातळ दिसत होता. पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या गिरण्यांचीं चक्रें जागच्या जागीं थबकलीं होतीं. उजाडल्यावर कांहीं धीट माणसें पात्रांत उतरलीं व इकडून तिकडे हिंडलीं. १८१२ सालीं सुरू झालेल्या युद्धांत या नदींत पडलेल्या संगिनी आणि बंदुका कित्येकांच्या हातीं लागल्या. भाविकांनीं मात्र प्रार्थनामंदिरांकडे धांव घेतली. जगाचा अंत जवळ आला अशी त्यांची समजूत झाली होती.

कारण अगदीं साधें होतें. नदीच्या उगमाशीं जें ईरी सरोवर आहे त्यावर हिवाळ्यांत गोठलेला बर्फ फुटला आणि त्याचे प्रचंड तुकडे वाऱ्याच्या झोतानें बफेलो शहराजवळ नदीच्या तोंडाशीं येऊन अडकले. नदीला बर्फाचा बांध पडला. तीस-चाळीस तासांनीं वारा फिरला, बांध फुटला, आणि ३१ मार्चच्या रात्रीं पाणी गर्जना करीत परत आलें. तो ओळखीचा गडगडाट ऐकून लोक स्वस्थपणें झोपीं गेले.

त्या वेळीं नायगराला निसर्गानें थांबविलें होतें. पुढें सव्वाशें वर्षांच्या आंत त्याचा एक भाग मनुष्यानें थांबविला, आणि तोहि बर्फाच्या साहाय्यावांचून. आज तर या धबधब्यावरून कोणत्या महिन्यांत, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, किती पाणी वाहूं द्यावयाचें हें दोन राष्ट्रांमधील एका करारानें ठरलेलें आहे. ज्याला जग निसर्गाचा चमत्कार म्हणून पाहावयास जातें, तो चमत्कार घड्याळाच्या कांट्याबरोबर लहानमोठा होतो. ही स्थिति कशी आली, आणि ती दुःखाची मानावी कीं समाधानाची, हा नायगराच्या इतिहासांतील खरा प्रश्न आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावयास पाहिजे कीं नायगराची थोरवी त्याच्या उंचींत नाहीं. शरावती नदीचा गिरसप्पाचा धबधबा, ज्याला आतां जोग या नांवानें ओळखतात, तो ८३० फुटांवरून खालीं उडी घेतो. नायगराची उंची अवघी १८८ फुटांच्या आसपास आहे. नायगराची थोरवी आहे ती पाण्याच्या राशींत. सुपीरियर, मिशिगन, ह्यूरन आणि ईरी या चार महासरोवरांचें पाणी अवघ्या ३६ मैल लांबीच्या नायगरा नदींतून ऑंटारिओ या पांचव्या सरोवराला जाऊन मिळतें. दर सेकंदाला सरासरीनें सुमारें दोन लक्ष घनफूट पाणी या नदींतून जातें. शिवाय, पाठीमागें समुद्रासारखीं सरोवरें असल्यामुळें या प्रवाहाला आपल्याकडील नद्यांप्रमाणें पावसाळ्यांत पूर आणि उन्हाळ्यांत ओढ असा प्रकार फारसा ठाऊक नाहीं. बारा महिने तो जवळजवळ सारखा भरलेला असतो. प्रेक्षकाला हा गुण मोहवितो, आणि त्याच गुणानें पुढें यंत्रशास्त्रज्ञांनाहि मोहविलें.

धबधब्याच्या माथ्याशीं नदी एका बेटामुळें दुभंगते. गोट आयलंड हें त्या बेटाचें नांव. एका बाजूस कॅनडाच्या कडेचा, घोड्याच्या नालाच्या आकाराचा मोठा धबधबा, तर दुसऱ्या बाजूस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या हद्दींतील अमेरिकन धबधबा. पाण्याचा सुमारें नऊ दशमांश भाग नालाकृति धबधब्यावरून जातो आणि उरलेला अमेरिकन धबधब्याच्या वांट्याला येतो. म्हणजे दोन राष्ट्रांत वांटणी करावयाचें काम निसर्गानें अगोदरच सुरू करून ठेविलें होतें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

धबधबा सुमारें १२,००० वर्षांपूर्वीं, हिमयुगांतील बर्फाचे थर उत्तरेकडे मागें सरले त्या वेळीं जन्मास आला. तेव्हां तो आजच्या जागेपासून सात मैल खालच्या बाजूला होता. वरचा खडक कठीण चुनखडीच्या जातीचा आणि त्याखालचे थर मऊ, ठिसूळ मातकट दगडाचे, अशी तेथील रचना आहे. कोसळणारें पाणी खालचा मऊ दगड पोखरीत जातें. मग वरचा कठीण थर निराधार होऊन तुटून पडतो, आणि धबधब्याची कड थोडी मागें हटते. याच क्रमानें नायगरा आपल्या मागें एक खोल दरी टाकीत सात मैल मागें आला आहे. जो धबधबा आज चिरंतन म्हणून पाहिला जातो तो स्वतःच्या आधाराला सतत खणीत असतो. मनुष्याचा हात लागण्यापूर्वीं तो वर्षाला तीन फूट किंवा त्याहूनहि अधिक मागें सरत होता.

युरोपांतील वाचकांना नायगराची ओळख करून दिली ती लुई हेनेपिन नांवाच्या ख्रिस्ती साधूनें. फ्रेंच प्रवासी ला साल याच्या मोहिमेबरोबर तो १६७८ सालच्या डिसेंबरांत तेथें पोंचला. १६८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत त्यानें धबधब्याची उंची ५०० फूट लिहिली. १६९७ च्या पुस्तकांत ती ६०० फुटांवर गेली. भीतीनें आणि आश्चर्यानें भारावलेल्या माणसाचें माप असेंच असावयाचें. परंतु त्या प्रदेशांत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांना हा धबधबा नवीन नव्हता. नायगरा हें नांवहि त्यांच्याच भाषांतून आलेलें आहे. हेनेपिननंतर सुमारें ८० वर्षांनीं, १७५९ च्या सुमारास, शाबेर जॉन्केर नांवाच्या एका फ्रेंच माणसानें धबधब्याच्या वरच्या अंगाला एक लहानसा पाट खोदून त्यावर लांकूड कापण्याची गिरणी चालविली. पाहण्याचें पाणी आणि वापरण्याचें पाणी यांच्यांतील कलहाची ही पहिली नोंद समजावी.

एकोणिसाव्या शतकांत आगगाडी आली आणि नायगरा हें सहलीचें ठिकाण बनलें. १८५९ सालीं ब्लॉन्डिन नांवाच्या फ्रेंच डोंबाऱ्यानें धबधब्याखालच्या दरीवर दोर ताणून त्यावरून चालून दाखविलें, तेव्हां हजारों लोक श्वास रोखून पाहत उभे होते. परंतु धबधबा पाहावयाचा तर उभें कोठें राहावयाचें, हाच प्रश्न हळूहळू अवघड होऊन बसला. अमेरिकेच्या बाजूची कांठावरील सर्व जमीन खासगी मालकीची झाली होती. मालकांनीं तेथें कुंपणें घातलीं, गिरण्या आणि दुकानें उभारलीं, आणि प्रवाशाला धबधबा दिसावा एवढ्याकरितां पैसे आकारावयास सुरुवात केली. १८६० नंतरच्या दशकांत अशी अवस्था होती कीं, अमेरिकन किनाऱ्यावरून एक पैसाहि न देतां धबधबा पाहतां येईल अशी जागा राहिली नव्हती. त्यांत गाडीवान, वाटाडे आणि फोटो काढणारे यांनीं पाहुण्यांना चोहोंबाजूंनीं घेरावें. देवळाच्या पायरीपासून गाभाऱ्यापर्यंत ठिकठिकाणीं हात पुढें यावेत, तशांतला तो प्रकार होता.

याविरुद्ध ज्यांनीं आवाज उठविला त्यांत फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड हे प्रमुख होते. न्यूयॉर्क शहरांतील प्रसिद्ध सेंट्रल पार्क ज्यांच्या कल्पनेंतून उतरलें, ते हेच उद्यानरचनाकार. १८५७ सालीं नायगराचें भव्य चित्र काढून कीर्ति मिळविलेले चित्रकार फ्रेडरिक चर्च यांनींहि त्यांना साथ दिली. या मंडळींचें म्हणणें थोडक्यांत असें होतें कीं, नायगरा ही कोणा एकाच्या मालकीची वस्तु नव्हे. ती पाहण्याचा हक्क गरीबाला आणि श्रीमंताला सारखाच आहे, आणि तो राखणें हें सरकारचें कर्तव्य आहे. पलीकडच्या किनाऱ्यावरहि हाच विचार पसरत होता. कॅनडाचे त्या वेळचे गव्हर्नर जनरल लॉर्ड डफरिन यांनीं १८७८ सालीं दोन्ही देशांनीं मिळून तेथें सार्वजनिक उद्यान करावें अशी सूचना जाहीरपणें मांडली. पुढें १८८४ पासून १८८८ पर्यंत हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले ते हेच डफरिन.

१८८३ सालीं न्यूयॉर्क संस्थानचे गव्हर्नर ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनीं धबधब्यालगतची जमीन सरकारजमा करण्याच्या कायद्यावर सही केली. जमीनमालकांना भरपाई म्हणून १४ लक्षांहून अधिक डॉलर द्यावे लागले. १५ जुलै १८८५ रोजीं तो सर्व भाग लोकांसाठीं विनामूल्य खुला झाला. गिरण्या, दुकानें व कुंपणें पाडून टाकण्यांत आलीं. १८८८ सालीं कॅनडाच्या बाजूलाहि व्हिक्टोरिया राणीच्या नांवाचें उद्यान उघडलें. नायगराचा कांठ लोकांना परत मिळाला.

कांठ मिळाला खरा. परंतु पाणी कोणाचें, हा प्रश्न तसाच राहिला होता. ज्या वर्षांत कुंपणें पडत होतीं त्याच वर्षांत एक नवीन शक्ति उदयास येत होती. १८८१ सालींच शेलकॉफ नांवाच्या कारखानदारानें आपल्या कालव्याच्या पाण्यावर लहानसें विद्युद्यंत्र चालवून गांवांत विजेचे दिवे लावले होते. विजेचा प्रवाह दूरवर वाहून नेतां आला तर नायगराच्या जोरावर केवढे कारखाने चालतील, याचे हिशेब विद्वान् मांडूं लागले. १८९० सालीं या कामीं सल्ला देण्याकरितां लंडन येथें एक आंतरराष्ट्रीय मंडळ नेमलें गेलें. त्याचे अध्यक्ष सर विल्यम टॉमसन हे पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झाले. दिशा सतत पालटणारा विद्युत्प्रवाह वापरण्यास त्यांचा आरंभीं विरोध होता. तथापि १८९३ सालीं वेस्टिंगहाउस कंपनीला जें काम मिळालें तें निकोला टेस्ला यांच्या शोधांवर आधारलेल्या याच पद्धतीचें होतें.

धबधब्याच्या वरच्या बाजूनें पाणी घेऊन खोल विहिरींतील चक्रांवर सोडावें, आणि काम झालें कीं तें बोगद्यांतून धबधब्याखालच्या नदींत आणून टाकावें, अशी ती योजना. १८९५ च्या ऑगस्टांत जवळच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्याला पहिली वीज मिळाली. १६ नोव्हेंबर १८९६ रोजीं मध्यरात्रीं ती वीस मैलांहून दूर असलेल्या बफेलो शहरांत जाऊन पोंचली. ज्या शहराजवळ बर्फ अडकून १८४८ सालीं नायगरा मुका झाला होता, त्याच शहराच्या ट्रामगाड्या आतां नायगराच्या जोरावर धांवूं लागल्या. आज जगभर घराघरांत येणारी वीज ज्या पद्धतीनें येते, त्या पद्धतीचा एवढ्या मोठ्या प्रमाणावरील विजय येथें झाला.

या विजयाचा दुसरा अर्थहि लोकांना लौकरच उमगला. नळी कितीहि मोठी करतां येते. बोगदे कितीहि खोदतां येतात. नायगराचें सगळेंच पाणी चक्रांवर घातलें तर? ही केवळ भयग्रस्तांची कल्पना नव्हती. सगळें पाणी मनुष्याच्या कामीं यावें आणि धबधबा उरूंच नये, अशी इच्छा खुद्द केल्व्हिन यांनींच बोलून दाखविली होती. त्यांच्या दृष्टीनें कड्यावरून व्यर्थ कोसळणारें पाणी म्हणजे दिवसाढवळ्या जळून जाणारा कोळसाच होता. गरीबाच्या घरीं दिवा लागणें, मजुराच्या पाठीवरील ओझें यंत्रानें उचलणें, या गोष्टी सुखवस्तु प्रवाशाच्या करमणुकीपेक्षां मोलाच्या नव्हेत काय, असा त्या पक्षाचा सवाल होता. हा सवाल क्षुद्र नव्हता. ऑल्मस्टेड गरीबाच्या डोळ्यांसाठीं भांडले, आणि केल्व्हिनचा पक्ष गरीबाच्या चुलीसाठीं व दिव्यासाठीं बोलत होता. म्हणूनच या वादांत एका बाजूला सज्जन आणि दुसऱ्या बाजूला दुर्जन अशी विभागणी करतां येत नाहीं.

१९०५ च्या सुमारास होरेस मॅकफार्लंड या गृहस्थांनीं एका खप मोठा असलेल्या स्त्रियांच्या मासिकांतून नायगरा वांचविण्याची चळवळ उभी केली. वाचकांच्या पत्रांचा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे ओघ सुरू झाला. १९०६ सालीं अमेरिकन कायदेमंडळानें नदींतून किती पाणी काढतां येईल यावर मर्यादा घातली. पण नदी दोघांची. एकानें हात आंखडता घेतला आणि दुसऱ्यानें ओंजळ मोठी केली तर उपयोग काय? म्हणून १९०९ सालीं कॅनडाच्या वतीनें ब्रिटन आणि अमेरिका यांच्यांत सरहद्दीवरील पाण्यासंबंधीं करार झाला. त्यानें नायगराच्या वर कॅनडाला दर सेकंदाला ३६,००० घनफूट आणि अमेरिकेला २०,००० घनफूट पाणी विजेसाठीं काढण्याची मुभा दिली. कॅनडाचा वांटा मोठा ठेवण्याचें एक कारण असें कीं, तिकडे निर्माण होणारी बरीचशी वीज तारांवरून अमेरिकेंतच येत होती.

पुढें दोन महायुद्धें झालीं. युद्धकाळांत कारखान्यांची भूक वाढली आणि मर्यादा वेळोवेळीं सैल कराव्या लागल्या. शेवटीं २७ फेब्रुवारी १९५० रोजीं दोन्ही राष्ट्रांनीं नवा करार केला. त्यांत एक मोठा बदल होता. जुन्या करारानें विजेसाठीं किती पाणी घ्यावें तें सांगितलें होतें. नव्या करारानें धबधब्यासाठीं किती पाणी ठेवावें तें सांगितलें. आधीं सौंदर्याचा वांटा बाजूला काढावयाचा, आणि उरेल तें दोघांनीं निम्मेंनिम्म घ्यावयाचें. नैवेद्याचें पान आधीं वाढून मग पंगत बसावी, तशी ही व्यवस्था.

हा वांटा असा आहे. १ एप्रिलपासून १५ सप्टेंबरपर्यंत सकाळीं ८ पासून रात्रीं १० पर्यंत, आणि १६ सप्टेंबरपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत सकाळीं ८ पासून रात्रीं ८ पर्यंत, धबधब्यावरून दर सेकंदाला निदान १,००,००० घनफूट पाणी गेलें पाहिजे. इतर सर्व वेळीं, म्हणजे रात्रीं आणि हिवाळ्यांत, निदान ५०,००० घनफूट. नदीचा स्वाभाविक प्रवाह दोन लक्षांच्या घरांत आहे हें लक्षांत घेतलें म्हणजे असें दिसेल कीं, प्रवासी पाहतात तो नायगरा साधारण निम्मा असतो, आणि ते निजल्यानंतरचा पाव. उरलेलें पाणी बोगद्यांतून आणि कालव्यांतून विद्युद्गृहांकडे जातें. रात्रीं जें अधिक हातीं लागतें त्यांतील कांहीं पंपानें उंचावरील तलावांत भरून ठेवितात आणि दिवसां, विजेची मागणी वाढली म्हणजे, चक्रांवर सोडतात.

निम्म्या पाण्यांत पूर्वींची शोभा टिकावी याकरितां स्थापत्यशास्त्रज्ञांनीं धबधब्यालाच हात घातला. १९५४ ते १९५७ या अवधींत नालाकृति धबधब्याच्या दोन्ही टोंकांकडील खडक खोदून पाणी सारखें पसरेल असें केलें, कांहीं भाग भरून काढून कडेची लांबी कमी केली, आणि वरच्या अंगाला नदींत दरवाजे असलेला बांध घातला. आज त्या बांधाला १८ दरवाजे आहेत. पाण्याचा पडदा पातळ झाला, पण तो कोठें फाटका दिसत नाहीं. शिवाय पाणी कमी झाल्यामुळें झीजहि मंदावली. पूर्वीं वर्षाला तीन-चार फूट मागें हटणारा धबधबा आतां फुटाभराच्या आसपास हटतो. ज्यांनीं त्याचें पाणी घेतलें त्यांनींच त्याचें आयुष्य वाढविलें.

परंतु या वांटणीच्या पंगतींत सगळ्यांना पान मिळालें असें मात्र झालें नाहीं. ७ जून १९५६ रोजीं अमेरिकन बाजूच्या शेलकॉफ विद्युद्गृहावर मागील कडा कोसळला आणि त्याचा बराच मोठा भाग नदींत गडप झाला. एक कामगार मरण पावला. विजेची निकड एकदम वाढली आणि नव्या प्रचंड विद्युद्गृहाची योजना घाईनें हातीं घेण्यांत आली. त्याला लागणाऱ्या तलावासाठीं टस्करोरा या मूळ अमेरिकन जमातीच्या जमिनीवर नजर गेली. हे लोक पूर्वीं उत्तर कॅरोलायनांत राहत. तेथून उखडले गेल्यावर ते अठराव्या शतकांत उत्तरेस येऊन स्थायिक झाले, आणि तिकडील जमिनीच्या विक्रींतून आलेल्या पैशांतून त्यांनीं नायगराजवळ जमीन विकत घेतली होती. १९५८ सालीं मोजणीदार आले तेव्हां बायकांसह टस्करोरा लोक त्यांच्या वाटेंत उभे राहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. १९६० सालीं न्यायालयानें बहुमतानें असा निकाल दिला कीं, ही जमीन सरकारच्या मालकीची नसून जमातीच्या स्वतःच्या मालकीची असल्यामुळें राखीव जमिनींना कायद्यानें दिलेलें संरक्षण तिला मिळूं शकत नाहीं. ज्यांनीं स्वतःचे दाम मोजून जमीन घेतली त्यांना तोच दोष ठरला. सुमारें ५५० एकर जमीन तलावाखालीं गेली आणि १९६१ सालीं विद्युद्गृह सुरू झालें. धबधब्याचा वांटा दोन राष्ट्रांनीं काळजीनें राखला. त्या धबधब्याच्या शेजाऱ्याचा वांटा राखण्याचें कोणत्याहि करारांत नमूद नव्हतें.

यानंतरची कथा अमेरिकन धबधब्याची. १९३१ आणि १९५४ सालीं त्याच्या कड्याचे मोठे भाग तुटून पडले आणि पायथ्याशीं दगडांची रास जमली. पाणी आतां सरळ नदींत न पडतां या राशीवर आपटतें. लोक म्हणूं लागले कीं, असेंच चालूं राहिलें तर धबधब्याचा उतार होईल. हे दगड काढून टाकावेत. त्याची तपासणी करण्यासाठीं १२ जून १९६९ रोजीं सैन्याच्या स्थापत्य विभागानें किनाऱ्यापासून गोट आयलंडपर्यंत दगडमातीचा बांध घालून अमेरिकन धबधबा संपूर्णपणें कोरडा केला. सगळें पाणी नालाकृति धबधब्याकडे वळलें. १८४८ चा तो देखावा पुन्हां अवतरला. मात्र या वेळीं कोणी प्रार्थनामंदिराकडे धांवलें नाहीं. उलट कोरडा कातळ पाहावयाला लोकांची गर्दी झाली. साडेपांच महिने शास्त्रज्ञ खडकांना भोंकें पाडून, भेगा मोजून तपासीत होते. २५ नोव्हेंबर रोजीं बांध फोडून पाणी परत सोडण्यांत आलें.

दगड उचलावे कीं नाहीं याचा विचार पुढें अनेक वर्षें चालला. उचलतां आले असते, याविषयीं संशय नव्हता. खडक जागच्या जागीं जखडून टाकण्याचे उपायहि सुचविले गेले. परंतु १९७५ सालीं दोन्ही देशांच्या संयुक्त मंडळानें शिफारस केली ती अशी, कीं दगड आहेत तेथेंच राहूं द्यावेत. कडा पडणें, दगड साचणें, धबधब्यानें मागें हटणें, हाच नायगराचा स्वभाव आहे. त्याला आहे त्या रूपांत खिळून ठेवणें म्हणजे जिवंत वस्तूचा पुतळा करणें होय, हा या शिफारशीमागील विचार. पाहणाऱ्यांच्या जीविताच्या रक्षणापुरते कांहीं खडक पोलादी खिळ्यांनीं पक्के केले आणि त्यांची हालचाल टिपणारीं यंत्रें बसविलीं; त्यापलीकडे कोणी गेलें नाहीं. ज्या पिढीला धबधबा बंद करण्याचें सामर्थ्य लाभलें, तिनेंच त्याला हात न लावण्याचा निर्णय घेतला, हें त्या इतिहासांतील एक लक्षांत ठेवण्यासारखें पान आहे.

याच काळांत इकडे शरावतीवरहि बदल झाला. १९६४ सालीं लिंगनमक्कीचें धरण पूर्ण झालें, आणि गिरसप्पाच्या चार धारा पावसाळ्यांत पूर्वींप्रमाणें गरजल्या तरी कोरड्या महिन्यांत कड्यावर पाण्याच्या रेघा तेवढ्या दिसूं लागल्या. त्या पाण्याची वीज झाली, आणि त्या विजेवर घरें उजळलीं, यंत्रें चाललीं. त्या उजेडांत बसणाऱ्याला धबधब्यासाठीं नुसतेच अश्रु ढाळण्याचा अधिकार नाहीं. परंतु वांटणी करावयाची तर सौंदर्याचा वांटा किती, हा प्रश्न आधीं विचारावा कीं नंतर, याचें एक उत्तर नायगराच्या कांठीं १९५० सालीं दिलें गेलें, एवढें त्यानें ध्यानांत ठेवावें.

तें उत्तर कायमचें आहे असें मात्र नाहीं. १९५० च्या कराराची मुदत पन्नास वर्षांची होती. ती संपली तेव्हांपासून दोहोंपैकीं कोणतेंहि राष्ट्र एक वर्षाची सूचना देऊन करारांतून मोकळें होऊं शकतें. अद्याप तशी सूचना कोणीं दिलेली नाहीं. उन्हाळ्यांत दररोज सकाळीं आठाच्या आधीं बांधाचे दरवाजे हलतात, कड्यावरील पाणी दुपटीनें वाढतें, आणि पहिले प्रवासी कठड्याशीं येऊन उभे राहतात तेव्हां नायगरा त्यांच्यासाठीं गर्जत असतो.